दातेरी चाक आणि रविवारची माणसं

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात अर्धा तास फिरा, एक दातेरी चाक दिसल्याशिवाय राहणार नाही. पाणपोईवर, शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर, सरकारी दवाखान्याबाहेरच्या पत्र्याच्या शेडवर, स्मशानभूमीतल्या सिमेंटच्या बाकावर. बाकाच्या पाठीवर चाक, त्याखाली ‘यांच्या सौजन्याने’ आणि त्याच्याखाली एखाद्या डॉक्टरचं नाहीतर आडत व्यापाऱ्याचं नाव, नावाआधी ‘रो.’. कुठे चाकाऐवजी दोन बाजूंना तोंड केलेले सिंह असतात, मग नावाआधी ‘लायन’. आमच्या वर्गातली पोरं त्या चाकाला मोटार रिवायंडिंगवाल्यांचं चिन्ह म्हणायची. धाराशिव जिल्ह्यात विहिरीवरची मोटार जळणं ही नित्याचीच गोष्ट, त्यामुळे कुणाला ते खटकलंही नाही.

चाक रोटरी क्लबचं, सिंह लायन्स क्लबचे, हे नंतर कळतं. तोवर ‘ती श्रीमंत लोकांची संस्था, जी जुलैमध्ये झाडं लावते’ एवढीच ओळख असते. जुलैमध्येच का, तर रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवा अध्यक्ष त्याच सुमारास खुर्चीत बसतो आणि पाऊसही तेव्हाच पडतो. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लावतात, हा विनोद आमच्याकडे फार जुना आहे.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी कोडिंगची. हिंजवडीत असं सांगितलं की समोरचा ‘मीपण’ म्हणतो. पण त्या डिग्रीमुळे या चाकाची एक गोष्ट मला भारी आवडते. रोटरीचं पहिलं चिन्ह साध्या गाडीच्या चाकाचं होतं. पुढे ते दातेरी झालं, पण दात ज्याला जसे सुचले तसे काढलेले. सभासदांत इंजिनिअर होतेच. त्यांनी तक्रार केली की हा गिअर चालणारच नाही. मग नीट आराखडा झाला, २४ दात आणि सहा आरे. तरी एक गोष्ट राहिली. मधल्या भोकाला की-वे नव्हता. गिअर शाफ्टवर बसवला आणि दोघांच्या मध्ये की ठोकली नाही, तर शाफ्ट एकटाच फिरत राहतो, ताकद काही पुढे जात नाही. लेथवर काम करणारा कोणताही पोरगा हे सांगेल. १९२४ मध्ये चाकाला ती खाच मिळाली. आता एखाद्या बाकावरचं चिन्ह मोबाइलवर झूम करून बघा, मधल्या गोलाला लागून एक बारीक चौकोनी खाच दिसेल.

कुठल्या क्लबनं किती बाक बसवले याची यादी या लेखात नाही. आमच्यासारख्या जिल्ह्यात सेवेचं हे चाक आणि गावाचा शाफ्ट यांच्यामध्ये ठोकलेली की कोण असते, हे मला शोधायचं आहे.

सुरुवात शिकागोपासून करावी लागेल. २३ फेब्रुवारी १९०५च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंग नावाच्या इमारतीत, ७११ नंबरच्या खोलीत चार माणसं जमली. पॉल हॅरिस हा वकील, सोबत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक कपडे शिवून विकणारा. हॅरिस लहान गावात वाढलेला. शिकागोत वकिली चालली होती, पण रविवारी बोलायला माणूस नव्हतं. पुण्यात पीजीवर राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. एकमेकांच्या ऑफिसात पाळीपाळीनं भेटायचं ठरलं, म्हणून नाव रोटरी. प्रत्येक व्यवसायातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नाही आणि धंदाही वाढतो. थोडक्यात, या क्लबची सुरुवात सेवेतून झालेली नाही. एकटेपणा आणि ओळखीपाळखी यातून झाली. मला हे प्रामाणिक वाटतं. माणसं आधी एकमेकांसाठी जमतात, मग बाकीचं सुचतं.

आणि सुचलं काय, तर सार्वजनिक संडास. शिकागोतल्या क्लबचं पहिलं मोठं समाजकार्य म्हणजे सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेली खटपट. त्याला विरोध झाला दारूच्या धंद्यातल्यांचा आणि मोठ्या दुकानवाल्यांचा. कारण गिऱ्हाईक त्यांच्याकडे संडाससाठी शिरायचं आणि जाताना काहीतरी घेऊन जायचं. दोनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर काम झालं. आपल्याकडे एखाद्या बाजारपेठेत बायकांसाठी मुतारी बांधायची म्हटल्यावर जे नाटक होतं, ते आठवलं तर शंभर वर्षांपूर्वीचं हे शिकागो अगदी ओळखीचं वाटतं.

१९१७ मध्ये त्याच शिकागोत मेल्विन जोन्स या विमा एजंटाच्या पुढाकारानं लायन्स सुरू झालं. रोटरी १९१९-२०च्या सुमारास कलकत्त्याला आली, लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. बंदरांची, इंग्रजी व्यापाराची शहरं आधी, बाकीचा देश नंतर.

धाराशिव त्या काळात कुठे होतं? १९०५ मध्ये आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. ज्याच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत, तो मीर उस्मान अली खान गादीवर यायला अजून सहा वर्षं होती. (२०२३ मध्ये नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आमच्या आज्या-पणज्या आधीपासून धाराशिवच म्हणत, त्यामुळे गावाला फक्त पाट्या बदलाव्या लागल्या.) १९२१ मध्ये संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं परिपत्रक निघालं. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. शिकागोत चार माणसांनी खोलीत जमून क्लब काढला, त्यानंतर सोळा वर्षांनी आमच्याकडे चार माणसांनी एकत्र जमणं हाच संशयाचा विषय झाला होता.

म्हणून इथं सेवा वेगळ्या दारानं आली. त्याच १९२१ मध्ये हिप्परगा या गावात, जे आज लोहारा तालुक्यात आहे, राष्ट्रीय शाळा सुरू झाली. सोलापूरहून तिथं शिकवायला आलेला एक तरुण पुढे मुख्याध्यापक झाला. व्यंकटेश खेडगीकर त्याचं नाव. १९३० मध्ये हिप्परग्यातच त्यानं संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे ते आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व उभं राहिलं. मला यात एक साधी गोष्ट दिसते. सभा घेता येत नाही ना, मग शाळा काढा. वाचनालय काढा. जमायला निमित्त हवं, आणि ते निमित्त रोजचं हवं. वर्षातून एकदाच्या भाषणानं माणसं बांधली जात नाहीत, रोज सकाळी घंटा वाजली की जातात. शाळेचे गुरुजी ज्या पोरांना शिकवत, त्या पोरांचे आईबाप त्यांना ओळखत. ही ओळख म्हणजेच मी म्हणतो ती की.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं आणि जमण्यावरची भीती गेली. पण जमणार कोण? शिकागोच्या साच्याला वकील, डॉक्टर, व्यापारी, इंजिनिअर असा शहरी मध्यमवर्ग लागतो. उस्मानाबादसारख्या गावात तो तयार व्हायलाच एक-दोन पिढ्या गेल्या. १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामं काढली ती सरकारनं, सुकडी वाटली ती सरकारी यंत्रणेनं. लोकांच्या आठवणीत मिलो आहे, लाल ज्वारी आहे, क्लब नाहीत. कॉलेजं आली, दवाखाने आले, बँका आल्या, तेव्हा कुठे एका टेबलाभोवती बसायला पुरेशी माणसं झाली. आमच्या जिल्ह्यातल्या क्लबांकडे बघताना हे लक्षात ठेवावं लागतं की हा रोपवाटिकेतून आणून लावलेला वाण आहे. घंटा, पदग्रहण, सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा शिस्त बघणारा माणूस, हे सगळं तयार आलं. त्याची चेष्टा करणं सोपं आहे. पण गणेश मंडळातसुद्धा अध्यक्ष-उपाध्यक्ष-खजिनदार असतातच की.

शिबिरांकडे येऊ, कारण क्लब म्हटलं की शिबिर. रक्तदान शिबिर, जयपूर फूट शिबिर, मधुमेह तपासणी आणि सगळ्यात जुनं ते डोळ्यांचं. लायन्स आणि डोळे यांचं नातं १९२५चं आहे. ओहायोतल्या सीडर पॉइंटला भरलेल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. भारतात मोतीबिंदू इतका पसरलेला होता की या कामाला तोटाच नव्हता.

जुन्या पद्धतीच्या शिबिरात ऑपरेशन शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात व्हायचं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग पूर्ण काढून टाकायचे आणि त्या जागी काही बसवत नसत. मग जाड काचेचा चष्मा. म्हातारा माणूस घरी आला की सगळं जग मोठं आणि कडेला वाकडं दिसायचं. चष्मा बैलगाडीखाली आला, नातवानं फोडला, की तो पुन्हा आंधळा. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची कल्पना लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच प्रत्यक्षात आणली होती, पण ते भिंग आपल्या गरिबाच्या आवाक्यात यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून ती भिंगं भारतात स्वस्तात बनवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प ज्या सात राज्यांत आला, त्यात महाराष्ट्र होता. त्या काळात शिबिराचं रूप बदललं. वर्गात ऑपरेशन करणं मागे पडलं. गावात फक्त तपासणी करायची, पेशंट गाडीत घालून दवाखान्यात न्यायचे, भिंग बसवायचं आणि परत आणून सोडायचं, ही रीत रुळली.

आता यात क्लबचं काम काय? मंडप, बॅनर, गाडीचं डिझेल, जेवण, डॉक्टरांशी संपर्क. हे सगळं लागतंच आणि फुकट होत नाही. पण वस्तीवरच्या एका आजीला गाडीत बसवायचं, हे काम बॅनर करत नाही. ती म्हणते, ‘आता काय बघायचं राहिलंय?’ सुनेला वाटतं कापणीच्या दिवसांत कोण सोबत जाणार. मुलगा ऊसतोडीला गेलेला. तिला उठवते ती अंगणवाडीची ताई, आणि २००५ नंतर आशाताई. ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात. ते घातले की नाही हे विचारायलाही तीच जाते. फोटोत ती सहसा शेवटच्या रांगेत असते, बऱ्याचदा नसतेच.

इथं बायकांचा विषय निघाला आहे तर सांगतो. रोटरीनं जवळजवळ ऐंशी वर्षं बायकांना सभासद करून घेतलं नाही. रोटेरियनांच्या घरच्या बायकांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला आपला वेगळा क्लब काढला, तोच इनर व्हील. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबनं १९७७ मध्ये तीन बायकांना घेतलं, तर वरच्यांनी त्या क्लबलाच काढून टाकलं. भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, मे १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूनं लागला आणि १९८९ मध्ये रोटरीनं जगभराचा नियम बदलला. जिथं शेवटच्या घरापर्यंतचं बहुतेक काम बायकांच्या पायांनी होतं, तिथं ठराव करणारं टेबल इतकी वर्षं फक्त पुरुषांचं होतं. आमच्याकडच्या पदग्रहणाच्या बातम्यांतले फोटो बघितले तर टेबलावरचा फरक अजून पुरता भरलेला दिसत नाही.

सेवा म्हणजे काय, याची सगळ्यात कठीण परीक्षा आमच्या जिल्ह्यानं ३० सप्टेंबर १९९३ला दिली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपलेली. भूकंपाला नाव किल्लारीचं, किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबादचाच भाग होता आणि धरणी काही जिल्ह्याची हद्द बघून हलत नाही. आमच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्हे मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद, वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेलं, त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आलं. वर पाऊस सुरू झाला.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्या पिढीला भूकंप ऐकून पाठ आहे. सांगणारे सगळे पहिले दोन दिवस सारखेच सांगतात. आधी शेजाऱ्यांनी हातांनी उकरलं, मग लष्कर आलं, मग सगळा देश आला. संस्था, क्लब, ट्रस्ट, कारखाने, वर्तमानपत्रांचे मदतनिधी. ट्रकच्या ट्रक. मोठी माणसं अजून सांगतात, कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते, कारण साठ जणांच्या वस्तीवर सहाशे जणांचे कपडे येत आणि पुढच्या वस्तीवर काहीच नाही. चांगुलपणा कमी नव्हता. त्याला पत्ता सांगणारा माणूस कमी पडत होता. रूटिंगचा प्रॉब्लेम, असं माझ्या ऑफिसच्या भाषेत म्हणता येईल, पण माणसं मेलेली असताना ती भाषा वापरायला जीभ रेटत नाही.

पुढची वर्षं जास्त शिकवणारी आहेत. सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरलं. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं पुनर्वसन कार्यक्रम आखला, बरीच गावं दात्या संस्थांनी दत्तक घेतली. घरांचे आकार ठरले तीन, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणतं, तर ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला मोठं. भूमिहीनाला सगळ्यात लहान. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणून बसवलं होतं, कागदानं पुन्हा जिथल्या तिथं बसवलं. गावं आखली ती सरळ रेषेत, शहरातल्या कॉलनीसारखी, रुंद रस्ते आणि एकसारखी घरं. भावकी विखुरली, ओसरी गेली, शेत लांब पडलं. घर पक्कं मिळालं याबद्दल कुणी कृतघ्न नाही. पण ज्यांना त्यात राहायचं होतं त्यांना विचारलं असतं, तर नकाशा वेगळा निघाला असता.

याच काळात काही लोक आले आणि गेले नाहीत. ज्ञान प्रबोधिनीनं हराळीला मुक्काम टाकला, तिथं निवासी शाळा आणि शेतीचं काम उभं राहिलं. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. फारशी न शिकलेली बाई ताप, जुलाब, बाळंतपणातला धोका ओळखू लागली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, वाघोलीचं संकुल त्यातून झालं. आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. सरकारी इंजिनिअर आणि गावकरी यांच्या मधलं माणूस. अनुदानाचा हप्ता कधी, सिमेंट किती, भिंतीत आडवा पट्टा का घ्यायचा, हे ती घरोघर सांगायची आणि इंजिनिअरनं टाळाटाळ केली तर त्यालाही सुनवायची. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या अशा बायका तिथं गेल्या. भाषा वेगळी, पण पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या बाईला काय विचारायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या गावांना सगळ्या देशानं कपडे पाठवले, त्या गावच्या बायका आठ वर्षांत मदत घेऊन दुसऱ्या राज्यात पोचल्या, याची बातमी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे.

मग क्लबांचा उपयोग काय, असं इथपर्यंत वाचून कुणी विचारेल. राहणारे खरे आणि येऊन जाणारे खोटे, असा निकाल मी लावणार नाही. कारण माझ्या पिढीच्या शरीरावर क्लबच्या एका कामाचा पुरावा आहे. आम्ही धडधाकट चालतो.

ऐंशीच्या दशकात भारतात दरवर्षी दीड लाखाहून अधिक मुलांना पोलिओ होत असावा, असे अंदाज आहेत. आमच्या आईवडिलांच्या वयाच्या माणसांत प्रत्येक गल्लीत एखादा कॅलिपर लावलेला किंवा गुडघ्यावर हात टेकून चालणारा असतो. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओप्लस जाहीर केलं. जगभरातून १२ कोटी डॉलर जमवायचं ठरवलं आणि तीन वर्षांत जमले त्याच्या दुप्पट. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी यांनी मिळून पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. सरकारी संस्थांच्या रांगेत एक क्लब बसला होता, हे त्या काळी बऱ्याच जणांना विचित्र वाटलं असणार.

भारतात देशभरचा पहिला पल्स पोलिओ दिवस ९ डिसेंबर १९९५ला झाला. आधी तीन वर्षांखालची मुलं, पुढच्या वर्षापासून पाच वर्षांखालची. माझा जन्म याच मोहिमेच्या सुरुवातीच्या वर्षांतला, म्हणजे मी आणि पल्स पोलिओ बरोबरच वाढलो. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर निळा व्हॅक्सिन कॅरियर, आत बर्फाच्या चार पट्ट्या. कुपीच्या लेबलवर एक गोल आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली, रंग जुळला की फेकून द्यायची. इतकं सोपं इंटरफेस मी नोकरीत अजून पाहिलेलं नाही. थेंब दिले की डाव्या करंगळीच्या नखावर शाई. रविवारी बूथ, आणि सोमवारपासून घरोघर. ज्या घरातली सगळी मुलं झाली त्या दारावर खडूनं ‘पी’, कुणी राहिलं असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचं. पुन्हा नाही सापडले तर पुन्हा.

एका राष्ट्रीय फेरीत देशभर सुमारे १७ कोटी मुलं आणि २३ लाखांवर लस देणारी माणसं. यातली बहुसंख्य सरकारी नर्स, अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक. रोटरीवाल्यांनी काय केलं? पैसा आणला, सरकारांकडे तगादा लावला, टोप्या-बॅनर-भोंग्याच्या रिक्षा दिल्या, बूथवर बसले, ज्या मोहल्ल्यात लोक लस नको म्हणत तिथल्या मौलवींशी, डॉक्टरांशी बोलले. पण या सगळ्यांपेक्षा मला त्यांची एक गोष्ट मोठी वाटते. ते कंटाळले नाहीत. १९९५ पासून वर्षाला अनेक रविवार, आणि दशकानंतरही आकडा शून्य होईना. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. कुठलीही कंपनी अशा प्रोजेक्टला टाळं लावते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एक रुग्ण सापडला, तो शेवटचा. २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आमच्या जिल्ह्यात या कामाची अडचण वेगळी होती. दिवाळी झाली की धाराशिव-बीडकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरांसह. जानेवारीच्या फेरीला घराला कुलूप. दारावर ‘एक्स’ मारून काय होणार? ते लेकरू पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत. म्हणून बसस्टँडवर, यात्रेत, वीटभट्टीवर, कारखान्याच्या तळावर फिरती पथकं लावावी लागली. हे लेकरू कुठल्या मुकादमाच्या टोळीत गेलंय, हे शिकागोच्या ऑफिसात कळत नाही, दिल्लीतही नाही. ते कळतं गावातल्या सेविकेला, कारण तिच्या रजिस्टरमध्ये त्याचं वजन असतं. शिकागोचा पैसा आणि चिकाटी, सरकारची यंत्रणा, आणि मध्ये ही बाई. चाक शाफ्टवर बसलं ते इथं.

नीती आयोगानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातले चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यात नंदुरबार, गडचिरोली, वाशिमसोबत आमचा उस्मानाबाद. आकांक्षित हा मागास म्हणायचा सभ्य प्रकार. माझ्या शाळेतली जी पोरं डॉक्टर, सीए, इंजिनिअर झाली, ती बहुतेक पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, नाहीतर बाहेरदेशी आहेत. म्हणजे ज्या वर्गातून क्लबचं टेबल भरतं, तो वर्ग आम्ही गावातून उचलून नेला. मागे राहिलेले सभासद आमच्या वडिलांच्या वयाचे. आमच्यातले काहीजण पुण्यात बसून रक्ताच्या बाटलीचे मेसेज फॉरवर्ड करतात, दुष्काळात टँकरला यूपीआयनं पैसे पाठवतात, आणि ते पैसे उपयोगी पडतात, यात शंका नाही. तरी कुठल्या वस्तीवर टँकर जात नाही हे त्यांना गावातल्याच कुणाला तरी फोन करून विचारावं लागतं. फोन उचलणारी ती व्यक्ती बऱ्याचदा आशाताई असते. तिला पगार नाही, मानधन मिळतं, आणि ते वेळेवर मिळावं म्हणून तिला अधूनमधून कलेक्टर ऑफिसासमोर बसावं लागतं. त्या मांडवाला कुणाचं सौजन्य मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

भारत पोलिओमुक्त झाला तरी शेजारी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून पल्स पोलिओचा रविवार आपल्याकडे अजून येतो. शेजारच्या मुलाला दरवेळी प्रश्न पडतो की रोगच नाही तर थेंब कशाला, आणि त्याची आई त्याला तरीही घेऊन जाते. बूथ सकाळी आठला उघडतो. त्याच्या आधी बर्फाच्या पट्ट्या आरोग्य केंद्रातून निघालेल्या असाव्या लागतात, टेबल मांडलेलं असावं लागतं, खडू आणि शाईचा पेन जागेवर असावा लागतो, आणि खुर्च्या किमान दोन. एकीवर सेविका बसते. दुसरीवर बसायला कोण येतंय, याचे फोन शनिवारी संध्याकाळपासून सुरू होतात.